इंजेक्शन कमरेत, परिणाम सर्वांगात

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू असलेल्या माणसाचा सीबीसी रिपोर्ट हातात आला, तर हिमोग्लोबिनपाशी न थांबता पीसीव्हीच्या ओळीवर नजर टाकावी. काही लॅब तिथे हिमॅटोक्रिट असं छापतात. रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, एवढंच हा आकडा सांगतो. निरोगी पुरुषात तो साधारण ४० ते ५० च्या दरम्यान असतो. इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही महिन्यांत तो ५१, ५२, ५३ असा वर सरकू शकतो. तो ५४ च्या पुढे गेला तर औषध थांबवावं, आकडा खाली येऊ द्यावा आणि मग कमी मात्रेनं पुन्हा सुरू करावं, असं अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ज्याचं रक्त असं दाट होत असतं, त्याला मात्र बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. हिमोग्लोबिन १८ आलेलं पाहून घरचे खूशही होतात. आपल्याकडे अॅनिमियाची भीती इतकी खोलवर रुजलेली आहे, की हिमोग्लोबिन जास्त असणं हीसुद्धा तक्रार असू शकते हे पटकन गळी उतरत नाही.

पुरुषांचं हिमोग्लोबिन बायकांपेक्षा जास्त का असतं, याचं एक मोठं कारण टेस्टोस्टेरॉन हेच आहे. हे संप्रेरक मूत्रपिंडाकडून निघणाऱ्या एरिथ्रोपोएटिनला चालना देतं आणि यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडिनला दाबतं. एरिथ्रोपोएटिन अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगतं. हेप्सिडिन लोह अडवून धरतं, त्यामुळे ते घटलं की लोह मोकळं होतं. हुकूमही वाढला आणि कच्चा मालही. म्हणूनच एरिथ्रोपोएटिनचं औषध बाजारात येण्यापूर्वी मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या अॅनिमियावर पुरुषी संप्रेरकं उपचार म्हणून दिली जात. ज्याच्या अंगात रक्त कमी आहे त्याला या गुणाचा फायदा होतो. ज्याचं मुळात भरपूर आहे, त्यातही जो सिगारेट ओढतो किंवा झोपेत घोरता घोरता ज्याचा श्वास अडकतो, त्याच्यासाठी तोच गुण धोक्याचा ठरतो.

ही वाढ किती होते, याचा अंदाज देणारी एक चाचणी ऑस्ट्रेलियात झाली. २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५० ते ७४ वयाचे, कंबर ९५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असलेले १,००७ पुरुष त्यात होते. काहींना दर तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं इंजेक्शन मिळालं, बाकीच्यांना औषध नसलेलं. दोन वर्षांच्या काळात औषध मिळालेल्यांपैकी २२ टक्के पुरुषांचं हिमॅटोक्रिट कधी ना कधी ५४ किंवा त्याच्या वर गेलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण १ टक्का होतं. ही सगळी माणसं डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती, मात्रा ठरलेली होती आणि रक्त वेळेवर तपासलं जात होतं. जिमच्या लॉकर रूममध्ये कोणाच्या तरी सांगण्यावरून सिरिंज भरणाऱ्या पोराचं रक्त कोण तपासतं?

या चाचणीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तिची दुसरी बाजू चांगली आहे. आधी मात्रेचं बोलू.

टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात पहिल्यांदा हाती लागलं ते १९३५ साली अॅमस्टरडॅममध्ये. अर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळं केलं. त्याच वर्षी अॅडॉल्फ ब्यूटेनांट आणि लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत बनवण्याची वाट शोधली. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांच्या वाट्याला आलं. ही वाट सापडल्यापासून हे संप्रेरक दुर्मीळ राहिलं नाही. आज सस्टॅनॉन २५० च्या एका लहानशा अँप्युलमध्ये टेस्टोस्टेरॉनचे चार एस्टर मिळून २५० मिलिग्रॅम भरतात. लाकूर यांच्या पद्धतीने २५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन मिळवायचं तर अडीच टन वृषणं लागली असती. तरुण पुरुषाचं शरीर दिवसाकाठी साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, म्हणजे आठवड्याला पन्नासेक मिलिग्रॅमच्या आत. ज्याचं शरीर ते बनवतच नाही, त्याला डॉक्टर भरपाई म्हणून आठवड्याला साधारण १०० मिलिग्रॅमच्या आसपास इंजेक्शन देतात. ते एस्टरच्या रूपात असल्यामुळे प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन त्याहून कमी असतं. जिममध्ये ज्याला ‘सायकल’ म्हणतात तिथे आठवड्याला ५०० मिलिग्रॅम ही सुरुवातीची मात्रा समजली जाते.

मात्रा वाढवली की नेमकं काय होतं, हे कॅलिफोर्नियातील शलेंदर भसीन यांच्या गटाने २००१ मध्ये फार नेटकेपणाने दाखवून दिलं. त्यांनी १८ ते ३५ वयाच्या ६१ निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद केलं आणि २० आठवडे बाहेरून दिलं. कोणाला आठवड्याला २५ मिलिग्रॅम, कोणाला ५०, कोणाला १२५, ३०० किंवा ६००. मात्रा जशी वाढत गेली तसे स्नायू आणि ताकद वाढत गेली, चरबी घटत गेली. त्याच चढत्या क्रमाने हिमोग्लोबिन वाढलं आणि एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते उतरत गेलं. लैंगिक क्षमता आणि मनःस्थिती यांत मात्र कुठल्याही मात्रेला लक्षणीय फरक पडला नाही. लैंगिक क्षमता आणि स्नायू या ज्या दोन गोष्टींसाठी जाहिराती हे औषध विकतात, त्यांतली पहिली निरोगी माणसात मात्रा वाढवून वाढतच नाही. दुसरी वाढते, पण ती एकटी वाढत नाही. स्नायूला पोहोचणारं टेस्टोस्टेरॉन आणि यकृताला पोहोचणारं टेस्टोस्टेरॉन एकाच रक्तातून वाहत असतं. स्नायू घेऊ आणि बाकीचं नको, अशी निवड शरीर करू देत नाही.

कोलेस्टेरॉलची गोष्ट जराशी खोलात जाऊन पाहावी अशी आहे, कारण गोळी आणि इंजेक्शन यांतला फरक इथे उघड होतो. १९८९ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ११ वजन उचलणाऱ्या पुरुषांवरचा अभ्यास आला. त्यांना काही आठवडे स्टॅनोझोलॉलची रोज ६ मिलिग्रॅमची गोळी दिली आणि मध्ये खंड पाडून काही आठवडे टेस्टोस्टेरॉनचं आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. माणसं तीच, औषध वेगळं. गोळीवर एचडीएल ३३ टक्क्यांनी घसरलं आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २९ टक्क्यांनी वाढलं. इंजेक्शनवर एचडीएल फक्त ९ टक्क्यांनी उतरलं आणि एलडीएल तर १६ टक्क्यांनी कमी झालं.

साधं टेस्टोस्टेरॉन पोटात घेतलं तर आतड्यातून ते थेट यकृतात जातं आणि तिथेच मोडीत निघतं. ते तिथे तगावं म्हणून रसायनतज्ज्ञांनी त्याच्या रेणूला एक जादा गट जोडला. स्टॅनोझोलॉल, मिथाइलटेस्टोस्टेरॉन, ऑक्सँड्रोलोन ही सगळी त्या कुळातली औषधं. यकृत त्यांना सहज मोडू शकत नाही, म्हणूनच ती गोळीच्या रूपात काम करतात आणि म्हणूनच यकृताला छळतात. यकृतातलं हिपॅटिक लायपेज नावाचं विकर त्यांच्यामुळे जोरात कामाला लागतं आणि एचडीएलचे कण भराभर मोडत सुटतं. पित्त तुंबून कावीळ होणं, यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या तयार होणं, हे धोकेही याच गोळ्यांचे. सुई टोचायची भीती वाटते म्हणून गोळी बरी, असा विचार करणारे तरुण भेटतात. त्यांनी यकृताच्या बाजूने पाहिलं तर निवड नेमकी उलटी करायला हवी. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटची कॅप्सूल मात्र निराळी. ती तेलकट जेवणासोबत घेतली की औषधाचा काही भाग लसिकावाहिन्यांच्या वाटेने रक्तात शिरतो आणि यकृताची पहिली धडक चुकते.

एचडीएल थोडंसं उतरलं तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. भारतीय माणसाकडे ते उतरायला फारशी जागाच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथल्या लोकांचं लिपिड प्रोफाइल तपासलं होतं. त्यात ७२ टक्के लोकांचं एचडीएल मुळातच कमी निघालं. ज्याचं एचडीएल ३४ आहे आणि वडिलांना पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला आहे, त्या मुलाने रोज एक स्टॅनोझोलॉल गिळणं मला फार अस्वस्थ करतं. हे मुलगे व्यसनी नसतात. पहाटे पाचला उठतात, मोजून अंडी खातात, दारूला शिवत नाहीत. आपण शरीराची काळजी घेतोय अशी त्यांची मनापासून समजूत असते आणि ती समजूत वापरूनच त्यांना हे औषध विकलं जातं.

आता साखर. इथे चित्र उलटं आहे. वर सांगितलेली ऑस्ट्रेलियातली चाचणी मुळात मधुमेहासाठीच होती. तिच्यात दोन वर्षांनी टेस्टोस्टेरॉनच्या गटात १२ टक्के पुरुष मधुमेही निघाले, तर दुसऱ्या गटात २१ टक्के. हा फायदा खरा आहे. स्नायू वाढले की साखर जिरायला जागा वाढते, पोटातली चरबी घटली की इन्सुलिनचं काम सोपं होतं. पण दोन्ही गटांना आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम दिलेला होता, हे विसरता कामा नये. त्यानंतर अमेरिकेत ट्रॅव्हर्स नावाची खूप मोठी चाचणी झाली. हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले ५,२४६ पुरुष, वय ४५ ते ८०. त्यांतल्या मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना टेस्टोस्टेरॉनच्या जेलने मधुमेहापासून वाचवलं नाही. त्यामुळे साखरेसाठी टेस्टोस्टेरॉन घ्या, असं आज कोणीही जबाबदार डॉक्टर सांगणार नाही. आधीच इन्सुलिनवर असलेल्या माणसाने हे औषध सुरू केलं तर त्याची इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते. हे लक्षात आलं नाही तर साखर अचानक उतरते.

पोट सुटलेल्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन कमी येणं ही फार नेहमीची गोष्ट आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त गफलत होते. चरबी वाढली, इन्सुलिनचा प्रतिसाद मंदावला, की यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवतं. रक्तातलं पुष्कळसं टेस्टोस्टेरॉन या प्रथिनाला धरून असतं. प्रथिनच घटलं की रिपोर्टवरचा एकूण आकडा पडतो, मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असलं तरीही. वजन आणखी वाढलं तर मोकळंही घटतं. म्हणजे कित्येकदा पोट हे कारण असतं आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा हा परिणाम. वजन उतरवलं की तो आपोआप वर येतो.

आणि पोट म्हणजे फक्त ढेरी नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनमधील जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा मराठी माणूसही चयापचयाच्या दृष्टीने जाड असू शकतो, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. तेव्हा ‘मी तर बारीक आहे, मग माझं टेस्टोस्टेरॉन कमी का आलं?’ या प्रश्नाचं उत्तर शोधताना कमरेभोवती टेप लावून पाहायला हरकत नाही.

चरबीचा आणखी एक उद्योग आहे. तिच्यातलं अॅरोमॅटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आलं की भरपूर इस्ट्रोजेनही होतं. मग छातीला गाठ येते, दुखते, अंगात पाणी साठतं. जिममध्ये यावर तोडगा म्हणून अॅनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल देतात. ही स्तनांच्या कर्करोगाची औषधं इस्ट्रोजेन बनणंच बंद करतात. पुरुषाला इस्ट्रोजेन कशाला हवं, असा त्यामागचा विचार. २०१३ मध्ये बोस्टनच्या जोएल फिंकेलस्टाइन यांच्या गटाने त्याची नीट परीक्षा घेतली. पुरुषांचं स्वतःचं उत्पादन थांबवून त्यांना वेगवेगळ्या मात्रांत टेस्टोस्टेरॉन दिलं. एका गटात इस्ट्रोजेन होऊ दिलं, दुसऱ्यात अॅनास्ट्रोझोलने अडवलं. स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून निघाली. अंगावर चरबी चढण्याचं कारण मात्र मुख्यतः इस्ट्रोजेनची कमतरता निघालं आणि कामेच्छेला दोन्ही लागतात असं दिसलं. हाडांनाही इस्ट्रोजेन हवंच. म्हणजे चरबी उतरवायला निघालेला मुलगा वरून अॅनास्ट्रोझोल घेतो, तेव्हा तो आपल्याच मेहनतीवर पाणी सोडत असतो.

साठलेल्या पाण्यामुळे रक्तदाब चढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये तोंडाने घ्यायच्या टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटला मंजुरी देतानाच पाकिटावर रक्तदाबाचा ठळक इशारा छापायला लावला. हृदयाच्या बाबतीत ट्रॅव्हर्सने २०२३ मध्ये बराचसा दिलासा दिला. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे एकत्र धरले तर टेस्टोस्टेरॉनच्या गटात ७ टक्के आणि दुसऱ्या गटात ७.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणं, हे तिन्ही औषधाच्या गटात जास्त दिसलं. पुढच्या वर्षी त्याच चाचणीतून अस्थिभंगांचा आकडा आला. तोही औषध घेणाऱ्यांत जास्त होता, ३.५ विरुद्ध २.४६ टक्के. हाडं मजबूत होतील या अपेक्षेच्या हे उलट होतं. हे सारं लो-डोस जेलवर, खरोखर कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या पुरुषांत. आठवड्याला ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला हा दिलासा लागू होत नाही.

रिपोर्ट वाचताना आणखी काही फसवे आकडे समोर येतात. थायरॉइडचं एकूण टी-४ कमी दिसू शकतं, कारण त्याला वाहून नेणारं प्रथिन घटलेलं असतं. मोकळं टी-४ ठीक असेल तर तो थायरॉइडचा आजार नव्हे. स्नायू वाढल्यामुळे क्रिअॅटिनिनही थोडं वर जातं. वॉरफॅरिन घेणाऱ्यांचं रक्त या औषधासोबत जास्तच पातळ होऊ शकतं, तेव्हा त्यांची आयएनआर तपासणी वाढवावी लागते.

सगळ्यात अवघड काळ येतो तो औषध बंद केल्यावर. टाकी भरली की फ्लोट व्हॉल्व्ह नळ बंद करतो, तसं रक्तात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन दिसताच मेंदूखालची पीयूष ग्रंथी वृषणांना पाठवायचा निरोप थांबवते. वृषणं बनवणं बंद करतात, आकाराने लहान होतात, शुक्राणू घटतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर आठवड्याला २०० मिलिग्रॅमची इंजेक्शनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून अजमावून पाहिली होती आणि बहुतेकांत शुक्राणू अगदी कमी झाले किंवा उरलेच नाहीत. इंजेक्शन थांबलं तरी हा निरोप लगेच सुरू होत नाही. काही महिने, काहींच्या बाबतीत वर्ष किंवा त्याहून जास्त, शरीर बाहेरच्याही आणि स्वतःच्याही टेस्टोस्टेरॉनशिवाय राहतं. याच काळात कमावलेले स्नायू ओसरतात, पोटावर चरबी चढते, मन उदास होतं. डेन्मार्कमध्ये पूर्वी स्टेरॉइड घेणाऱ्या पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा औषध सोडून बराच काळ लोटलेल्यांतही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंद आढळला. हा रिता काळ सोसवत नाही म्हणून पुष्कळ जण पुढची सायकल सुरू करतात.

ज्याला खरोखर गरज आहे, म्हणजे पीयूष ग्रंथीचा आजार आहे, वृषणांना इजा झाली आहे किंवा क्लाइनफेल्टरसारखी जन्मजात स्थिती आहे, त्याने यातलं काहीही वाचून आपलं औषध बंद करू नये. त्याच्यासाठी टेस्टोस्टेरॉन नसणं हेच चयापचयाला घातक आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ज्यांचं टेस्टोस्टेरॉन मुद्दाम बंद करतात, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण वाढलेलं आढळतं. खऱ्या गरजेपोटी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या माणसाने सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी हिमॅटोक्रिट तपासावं. सोबत प्रोस्टेटसाठीची पीएसए चाचणी, रक्तदाब आणि लिपिड प्रोफाइलही. हिमॅटोक्रिट वाढलं तर इंजेक्शनऐवजी जेल, किंवा कमी मात्रा थोड्या थोड्या दिवसांनी, हे उपाय डॉक्टरांच्या हाताशी असतात. आणि निदान करतानाही एका रिपोर्टवर विसंबू नये. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्यावं. जेवण झालेलं, रात्रभर जागलेलं किंवा तापातून उठलेलं शरीर खोटा कमी आकडा दाखवतं.

भारतात टेस्टोस्टेरॉन शेड्यूल एचमधलं औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तरीही ते मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याने ते असं मिळवून घेतलं आहे, त्याने डॉक्टरांकडे जाताना लपवू नये. डॉक्टर पोलीस नाहीत. एका कागदावर औषधाचं नाव, आठवड्याची मात्रा, सोबत घेतलेल्या गोळ्या आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून न्यावी. तारीख विशेष महत्त्वाची, कारण टेस्टोस्टेरॉन एनँथेटचं इंजेक्शन घेतल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तातली पातळी शिखरावर असते आणि दोन आठवड्यांत तळाला जाते. दिवस माहीत नसेल तर लॅबने छापलेला आकडा जास्त आहे की कमी, हे डॉक्टरांना सांगता येत नाही.